ओरछ्याला गेलेल्या झांजा

या, पुढे सरका. अजून पुढे. सतरंजी सगळ्यांची आहे. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धीच ऐकू येते आणि बाहेर जाऊन तोच ती पूर्ण सांगतो, म्हणून म्हणते, जवळ या. आज आख्यान पुराणातलं नाही, आपल्या ग्वाल्हेरचंच आहे. यात राम आहे, चोर आहे, आणि चोराला हातकडीवाचून धरणारी एक बाईही आहे. मन लावून ऐका. नीट ऐकलंत तर तिच्या आधी तुम्हीच चोर धराल.

१

ओरछ्यात रामराजाच्या देवळासमोर, फुलवाल्यांच्या ओळीशेजारी एक ओटा आहे. त्या ओट्यावर बसून सरोजिनीबाईंनी मांडीवरची शिसवी पेटी उघडली. आत लाल फडक्यात झांजांची जोडी हवी होती. फडकं जागेवर होतं. झांजा नव्हत्या. फडक्यात दोन गोल दगड गुंडाळले होते, आणि फडकं ओलं झालं होतं.

हळदीकुंकवाची बोटं तशीच हवेत राहिली.

"सीमू," त्या नातीला म्हणाल्या, "या कुठं गेल्या ग?"

सीमंतिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "आजी, सुबह मैंने खुद रखी थीं. तुझ्यासमोर. तू नमस्कारसुद्धा केलास."

या झांजा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाज़ारमागच्या गल्लीत एक लहानसं राममंदिर आहे. तिथे सरोजिनीबाईंचे यजमान भालचंद्रबुवा कीर्तन करत. त्यांच्याआधी त्यांचे वडील, त्यांच्याआधी आजोबा. त्या देवळाची रीत अशी की ज्याच्या हातात या झांजा, तोच कीर्तनाला उभा राहणार. कागद नाही, ठराव नाही. वर्षापूर्वी बुवा गेले, आणि या ओरछ्याच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला त्यांची नात सीमंतिनी प्रथमच उभी राहायची होती. देवळाच्या मंडळातल्या काहींना ते रुचलं नव्हतं. "मुलगी एकदा उभी राहू दे, मग बघू," इथवर ते कसेबसे आले होते. झांजा नाहीत म्हणजे कीर्तन नाही, आणि उद्याचं हुकलं की पुढचं कुणी मागायचं नाही.

"मी म्हणतच होतो," मागून आवाज आला. "अशा वस्तू घरात ठेवायच्या नसतात."

हा गुरुप्रसाद. बुवांचा पुतण्या, सरोजिनीबाईंना काकू म्हणणारा, आणि देवळाच्या मंडळात बसणारा.

२

गुरुप्रसादाची ओळख करून द्यायलाच हवी, कारण तो स्वतः ती दिल्याशिवाय कुणाला सोडत नसे. तो वारसा-सल्लागार. म्हणजे पडक्या वाड्यांच्या मालकांना तो सांगतो की पडकं तसंच ठेवा, फक्त दिवे लावा. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'हेरिटेज' हा शब्द असतो, मिठासारखा, आणि जेवण तरी अळणीच. घरच्या देव्हाऱ्यात वात लावायला त्याला सवड नाही, पण राजेरजवाड्यांच्या पडक्या भिंतींसाठी त्याचा जीव तीळतीळ तुटतो. कीर्तन बंद करून त्या जागी 'हेरिटेज संध्या' भरवावी, हे त्याचं मंडळातलं आवडतं म्हणणं.

त्या दिवशी सकाळी तो मोठी गाडी घेऊन नया बाज़ारात आला. खांद्यावर पश्मिना शाल, जणू दरबारातून उठून आलाय. दारातूनच म्हणाला, "काकू, चला, ओरछा होऊन येऊ. आत्ता अचानक मनात आलं. हवा काय सुंदर आहे."

सरोजिनीबाईंना गुडघ्यांपेक्षा राम मोठा. त्या लगेच उठल्या. "सीमूच्या झांजा रामराजाच्या पायरीला लावून आणू. उद्या उभी राहायची आहे पोरगी."

"हो हो, घ्या ना बरोबर," गुरुप्रसाद म्हणाला. "मीच म्हणणार होतो."

मग, 'आत्ता अचानक मनात आलं' हेच पुन्हा सांगत, त्याने थाटीपुराहून आणखी दोघांना घेतलं. विजयाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ दौलतसिंह. विजयाबाईंनी रेल्वेत तिकीट तपासण्यात उभा जन्म घालवला. आता निवृत्त आहेत, पण नजर निवृत्त झालेली नाही. बुवांच्या कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायच्या, आणि मध्येच उठणाऱ्याकडे अशा बघायच्या की तो पुन्हा खाली बसायचा. दौलतसिंह गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. त्याचं एकच पालुपद: त्या झांजा त्याच्या खापरपणजोबा सरदारांनी बुवांच्या घराण्याला दिल्या, म्हणजे मुळात त्या त्याच्याच घराण्याच्या.

"दिल्या ना?" विजयाबाई म्हणायच्या. "मग झालं. दिलेल्याचा हिशोब भिकारी ठेवतात, सरदार नाही."

गाडीत सीमंतिनी पेटी मांडीवर धरून बसली होती. भीतीने तिचे हात गार पडले होते. दतिया मागे पडलं तेव्हा ती हसून म्हणाली, "झांजा खो गईं तो अच्छा, उद्या उभं राहावं लागणार नाही." थट्टाच ती. पण थट्टा चुकीच्या माणसासमोर केली की ती साक्ष होते.

ओरछ्याला पोचल्यावर गुरुप्रसादाने गाडी थेट बेतवेच्या घाटावर नेली. राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्या कुठल्या शैलीच्या, हे त्याने बायाबापड्यांनी न विचारताच सांगितलं. सरोजिनीबाई आणि विजयाबाई पाण्याच्या कडेला पायरीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. दौलतसिंहाला पायऱ्या जमेनात. तो गाडीत पुढच्या सीटवर बसला आणि उन्हात डुलक्या काढू लागला. पेटी मागच्या सीटवर होती. दारं उघडीच.

मधल्या वेळात दोन माणसं गाडीपाशी जाऊन आली. एकदा सीमंतिनी, आजीचा स्वेटर आणायला. एकदा गुरुप्रसाद. पाण्यापाशी थोडा वेळ घुटमळून म्हणाला, "बूट भिजतील. चपला घालून येतो." आला तो चपला घालून आणि शाल न घेता.

"शाल कुठाय रे?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"ऊन वाढलं, काकू."

तिथून सगळे देवळाकडे आले. गुरुप्रसादाने पूजेचं तबक काढायला डिक्की उघडली. तिथे त्याची बुटांची पिशवी होती, निळी, नाडीची. ती घसरली आणि त्याच्या पायावर आदळली. तो चटकन वाकला, पिशवीला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला नेली.

दौलतसिंह खो खो हसला. "अरे गुरू, बुटांना नमस्कार? क्या बात है. तुझे बूट तुझ्यापेक्षा मोठे झाले काय?"

"सवय, दौलतकाका," गुरुप्रसाद ओशाळून म्हणाला.

"असू दे, असू दे," सरोजिनीबाई कौतुकाने म्हणाल्या. "ह्यांचीच शिकवण ती. लहानपणी याचा पाय झांजेला लागला होता. बाकीचे मारायला धावले. हे काही बोलले नाहीत. स्वतः वाकले आणि याच्या वतीने झांजेला नमस्कार केला. तेव्हापासून हा कशालाही पाय लागला की वाकतो."

असं म्हणत त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पेटी उघडली.

३

झडती गुरुप्रसादानेच घेतली. पुढाकार घ्यायची त्याला आवड. सीमंतिनीची पर्स उलटी केली, त्यात रुमाल, कंगवा, फोन. दौलतसिंहाची थैली बघितली. स्वतःची कॅमेऱ्याची बॅग सगळ्यांसमोर उघडून दाखवली. गाडीच्या सीटांवर हात फिरवला. निळी पिशवी नाडीला धरून उचलली, "यात बूट आहेत. कुणाला वास घ्यायचाय?" म्हणाला आणि परत ठेवली. वास कुणाला घ्यायचा नव्हता.

मग तो सीमंतिनीसमोर उभा राहिला. आवाजात मध घातलेला.

"बघ सीमंतिनी, कुणी रागावणार नाही. तुला उद्याची भीती वाटते, ते तू गाडीत बोलून दिलंस. नदीत टाकल्यास काय?"

"मी?" सीमंतिनी म्हणाली. "काका, आप ऐसा सोच भी कैसे सकते हैं?"

"मग दौलतकाकांना विचारू. गाडीत तेच बसून होते. आणि झांजा त्यांच्याच, असं ते जन्मभर सांगताहेत."

"तोंड सांभाळ," दौलतसिंह म्हणाला. "सरदाराच्या घरात मागून घेतात, नाही तर हिसकून घेतात. दगड घालून ठेवत नाहीत. ती कारकुनी अक्कल."

"मंडळाला मी काय सांगू?" गुरुप्रसाद सरोजिनीबाईंकडे वळला. "जिला झांजा सांभाळता येत नाहीत, तिला गादीवर उभी करा?"

सरोजिनीबाईंनी ते दोन दगडही पेटीत नीट ठेवून झाकण लावलं, जणू दगडांनाही थंडी वाजेल.

तेव्हा विजयाबाई उठल्या. "गुरू, तुझा तपास झाला? आता माझा."

आधी त्यांनी भावाला बाजूला घेतलं. माझा आहे म्हणून पहिला त्यालाच, असं त्यांचं धोरण.

"तू झोपला होतास?"

"डोळे मिटले होते, ताई."

"घोरत होतास. पण घोरतानाही तुला भजनाची झांज ऐकू आली की जाग येते, हे साऱ्या थाटीपुराला ठाऊक आहे. काही वाजलं?"

दौलतसिंहाने मान हलवली. "काही नाही. टणकारसुद्धा नाही."

मग सीमंतिनीला विचारलं, "झांजा फडक्यातून उचलल्या तर वाजतात?"

"वाजतातच, विजयाआजी. कितीही जपा, कडा एकमेकींना लागते. आजोबा त्यांना जाड लोकरीत बांधून प्रवासाला न्यायचे, वरना पूरे रास्ते बजती थीं. पेटीत लाकडाची खाच आहे, म्हणून तिथे गप्प बसतात."

विजयाबाईंनी वळून बघितलं. देवळाच्या सावलीत गुरुप्रसाद उभा होता आणि दोन्ही दंड चोळत होता.

"चला," तो म्हणाला, "पोलिसात द्यायचं तर ग्वाल्हेरला जाऊन देऊ. आधी जेवून घ्या. इथे एक हॉटेल आहे, जुन्या हवेलीत. जागा मिळाली तर बघू."

सरोजिनीबाईंनी घास नको म्हटलं. पण विजयाबाई म्हणाल्या, "वहिनी, चला. उपाशी पोटी माणूस देवावर रागावतो, आणि चूक देवाची नसते."

गाडी निघाली. वाटेत गुरुप्रसादामागे बसलेल्या विजयाबाईंच्या हातून चष्म्याचं घर खाली पडलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि अंमळ वाकलेल्याच राहिल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना भाव होता, शेवटच्या बर्थवर घोंगडी पांघरून झोपेचं सोंग घेतलेला माणूस सापडल्यावर यायचा तो.

४

हॉटेल कसलं, थाट नुसता. फाटकात पगडी घातलेला पोरगा, ज्याच्या सात पिढ्यांनी पगडी घातली नसेल. भिंतीवर कुणाच्या कुणाच्या तलवारी. ज्यांनी त्या उपसल्या त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ज्यांनी टांगल्या त्यांची नावं पितळेत.

वाढपी धावत आला. "आइए साहब, आपकी टेबल तो परसों से लगा रखी है. मालिक भी आते ही होंगे."

"आत्ता अचानक मनात आलं ना?" विजयाबाई शांतपणे म्हणाल्या.

गुरुप्रसाद भराभर आत चौकात शिरला.

चौकात एका भिंतीला काचेचं कपाट होतं. दिवा लागलेला, आत लाल मखमल, आणि मखमलीत दोन गोल खळगे. वस्तू नव्हती. खाली पितळेची पाटी मात्र आधीच बसली होती. सीमंतिनीने ती हिंदीतली पाटी हळू आवाजात वाचली. राजदरबारातल्या कीर्तनाच्या झांजा, आणि त्याखाली झांजांपेक्षा मोठ्या अक्षरांत: श्री गुरुप्रसाद यांच्या सौजन्याने.

सरोजिनीबाईंना ते वाचायला चष्मा लागला नाही.

"हा योगायोग आहे," गुरुप्रसाद म्हणाला. "मी दुसऱ्या जोडीबद्दल बोललो होतो यांच्याशी. ती ग्वाल्हेरातच आहे. काकू, तुम्ही माझ्यावर संशय घ्याल? सगळी झडती तुमच्यासमोर झाली."

"सगळी नाही," विजयाबाई म्हणाल्या. "दौलत, गाडीतून ती निळी पिशवी आण. किल्ली टेबलावरच आहे."

गुरुप्रसादाचा हात किल्लीकडे गेला. पण दौलतसिंह गुडघ्याने अधू असला तरी हाताने सरदार.

५

पिशवी चौकाच्या फरशीवर, गुरुप्रसादाच्या पायाशी ठेवली गेली.

"आता ऐक," विजयाबाई म्हणाल्या. "दगड ओले होते. म्हणजे अदलाबदल घाटावर झाली, घरी नाही. मी आणि वहिनी पायरीवरून हललो नाही. दौलत नदीपर्यंत उतरलाच नाही, त्याला दगड कुठले? राहिली सीमू आणि राहिलास तू. सीमूच्या पर्समध्ये एक झांज मावत नाही, दोन कुठून मावणार? स्वेटर तिने आणला तो आजीच्या अंगावर आहे. आणि ती झांज उचलती तर वाजली असती, दौलत उठला असता. न वाजवता न्यायची तर जाड, मऊ काही हवं. सकाळपासून तुझ्या खांद्यावर जे मिरवत होतं ते घाटावर नाहीसं झालं. ऊन वाढलं म्हणालास, आणि सावलीत दंड चोळत उभा राहिलास."

"शाल गाडीत आहे कुठेतरी."

"गाडीत तुझे बूट आहेत. तुझ्याच सीटखाली, पांढरे, मळके. मी डोळ्यांनी बघितले. मग या बुटांच्या पिशवीत काय आहे रे?"

"दुसरे बूट," गुरुप्रसाद म्हणाला. तो घामाघूम झाला होता, पण हनुवटी वर होती. "एकाहून जास्त जोड बाळगणं हा गुन्हा आहे काय?"

"अजिबात नाही." विजयाबाई खुर्चीत मागे टेकल्या. "तुझी युक्ती चांगली होती, ते मी मान्य करते. आपल्यातलं कुणी झांजा बुटांच्या पिशवीत शोधेल? मनातसुद्धा येणार नाही. आम्ही ज्या वस्तूला न धुतल्या हाताने शिवत नाही ती तू चपलांत लपवलीस, कारण आमच्या श्रद्धेवर तुझा भरवसा होता. फक्त स्वतःचा हिशोब तू विसरलास. मघाशी देवळापाशी दौलतने विचारलं, बुटांना नमस्कार? सगळे हसले. मीही हसले. बिनतिकिटाचा माणूस असाच सापडतो बघ. तिकीट मागायच्या आधीच खिसा चाचपतो."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी पिशवी उघडणार नाही. पोलीसही बोलावणार नाही. दुसरे बूट आहेत म्हणतोस ना? मग त्यांच्यावर पाय ठेव. आम्ही उठून घरी जातो, आणि मंडळात मी स्वतः सांगते की सीमूने झांजा हरवल्या."

वाढपी पाण्याचा जग घेऊन जिथे होता तिथेच उभा राहिला.

गुरुप्रसादाने सगळ्यांकडे एकदा बघितलं. हसायचा प्रयत्न केला. उजवा पाय उचलला, चपलेतून काढला, पिशवीवर नेला. पाय तिथे थांबला. खाली येईना. त्याच्या पोटरीची शीर ताणली गेली. एवढ्या मोठ्या माणसाचा, पितळेत नाव कोरलेल्या माणसाचा पाय वितभर खाली येईना.

शेवटी पाय आला तो पिशवीच्या शेजारी, फरशीवर.

"राहू दे, गुरू," सरोजिनीबाई म्हणाल्या. दिवसभरात त्या एवढंच कडक बोलल्या. "पाय दुखेल."

तेव्हा त्याचा बांध फुटला, पण पश्चात्तापाचा नव्हे. "तिथे त्या गल्लीत कोण बघतं त्यांना? चार म्हातारे. इथे जगभरातली माणसं येतात. काचेत सुरक्षित राहिल्या असत्या. नाव राहिलं असतं घराण्याचं."

"तुझं," दौलतसिंह म्हणाला.

"वाजवायची वस्तू काचेत ठेवायची," विजयाबाई म्हणाल्या, "आणि खाली लिहायचं की ही वाजायची. थूः. याला तू वारसा म्हणतोस? याला आमच्यात श्राद्ध म्हणतात, आणि तेही जिवंतपणी."

सीमंतिनी पुढे झाली. तिने वाढप्याकडून पाणी घेऊन हात धुतले, पिशवीची नाडी सोडली. आत पश्मिना शाल, शालीत झांजा. तिने त्या कपाळाला लावल्या. तिने एकदाच, हलकेच, कडेवर कड टेकवली.

तो नाद त्या खोट्या हवेलीत इतका खरा वाटला, की पगडीवाला पोरगा फाटकातून आत डोकावला.

६

परतताना त्यांनी पुन्हा देवळाकडे गाडी वळवली. पायरीला झांजा लावल्या आणि मग ग्वाल्हेर धरलं. गुरुप्रसाद गाडी चालवत होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्यानेही कुठल्या महालाची शैली सांगितली नाही. आख्ख्या प्रवासातला तोच भाग ऐतिहासिक म्हणावा असा.

दुसऱ्या दिवशी मी देवळात होते, तुमच्यातलेही काही असतील. सीमंतिनी उभी राहिली. पूर्वरंगात आवाज थोडा अडखळला, खोटं कशाला सांगू. पण आख्यान लागलं आणि झांजा बोलू लागल्या, तेव्हा सरोजिनीबाईंनी डोळे मिटले ते आरतीलाच उघडले. मंडळातली मंडळी माना डोलवत होती. पुढच्या वर्षीचं बोलणं तिथेच ठरून गेलं.

गुरुप्रसाद आला होता. आत आला नाही. दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. त्याने मंडळ सोडलं होतं, विजयाबाईंनी ते सोडवलं होतं. मध्यंतरात बुक्का लावत सीमंतिनी दारापर्यंत गेली आणि त्याच्याही कपाळी बोट टेकवून आली. विजयाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मी असते तर त्याला चपला राखायला बसवलं असतं." मला काही त्यांचं चुकीचं वाटलं नाही. माझं मन सीमंतिनीएवढं मोठं नाही.

पण एक सांगते आणि थांबते. त्या माणसाच्या काळजातून राम केव्हाच गेला होता, तिथे पितळेच्या पाट्या लागल्या होत्या. बोटांतून मात्र गेला नव्हता, पायातूनही नव्हता. तो तिथे कुणी ठेवला? एका लहान पोराचा पाय लागला तेव्हा ज्यांनी हात उगारला नाही, स्वतःच वाकले, त्यांनी. मारलेलं पोरगं विसरलं असतं. वाकलेल्या काकांना ते पोर विसरू शकलं नाही, चोरी करतानाही.

तेव्हा आता उठाल, घरी जाल, आणि अंधारात कशाला तरी पाय लागून हात आपोआप कपाळाकडे जाईल. तेव्हा एवढं करा. त्या हातासरशी नया बाज़ारमागच्या गल्लीतल्या भालचंद्रबुवांची आठवण काढा.